उजव्या खांद्यावरचा दाणा

नवरात्रात आमच्या गावच्या देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या की एक गोष्ट हमखास निघते. आमची देवी नागपूरच्या अजायबखान्यात नेऊन ठेवली होती, तिथे माझी थोरली काकू तिला कौल मागायला गेली, आणि त्या परक्या जागी, भुसा भरलेल्या वाघांच्या आणि गंजक्या तलवारींच्या शेजारी उभी असतानाही देवीने आपल्या लेकीला कौल दिला. सांगणारी रंगात आली की गोष्ट वाढते. दाणा उडून काकूच्या पदरात पडला, असं काहीजणी सांगतात. तिथला पहारेकरी देवीच्या पायांवर लोळला, असंही मी ऐकलं आहे. पहारेकरी त्या वेळी स्टुलावर बसून टाचेला पडलेली भेग बघत होता. हे मला ठाऊक आहे, कारण काकूला तिथे घेऊन जाणारा मीच होतो. दाणा पडताना पाहणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

आता माझी सत्तरी उलटली आहे. गोष्ट होती तशी सांगून टाकावी, एवढीच इच्छा उरली आहे.

आमचं गाव धाडच्या बाजूचं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राजधानी नागपूर. मी मॅट्रिक होऊन तिथल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो आणि एका खोलीत एकटा राहत होतो. गावाकडचं कोणाचंही नागपूरला काम निघालं की तो मलकापूरला गाडी धरून माझ्याच खोलीवर उतरायचा.

काकूला एकच मुलगा. माझ्याहून थोडा मोठा. शेतात त्याचं मन रमेना. फौजेत गेलं की लॉरी चालवायला शिकवतात, एवढ्या एका गोष्टीसाठी तो बुलढाण्याला जाऊन भरती झाला. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ब्रह्मदेशच्या बाजूला त्याची लॉरी आणि तो, दोघांचाही पत्ता लागेना, असं तहसिलीतून कळलं. मेला असं कोणी म्हणेना, आहे असंही कोणी सांगेना. लढाई संपली, गावोगावचे लोक परतले, हा आला नाही.

त्याची बायको, माझी वहिनी, तेव्हा अगदी पोरगी होती. मूलबाळ नव्हतं. आमच्यात बाईचा पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. तिच्या भावाने साखरखेर्ड्याकडचं एक स्थळ आणलं. पहिली बायको गेलेला, घरचा बरा, स्वभावाने गरीब माणूस. काकूने भावाला हाकलून दिलं असतं तरी गावाने तिला नावं ठेवली नसती. पण ती न्यायाची बाई होती. ती म्हणाली, देवीला विचारते. माझा लेक येणार नाही असं तिने सांगितलं तर मी स्वतः सुनेला पाटावर बसवीन, माझ्या हाताने हिरवा चुडा भरीन. येणार म्हणाली, तर पोरीने थांबायचं. वहिनीच्या भावाने ते मान्य केलं. वहिनीला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

अडचण अशी होती की देवी गावात नव्हती.

काही वर्षांपूर्वी जुन्या देवळाची मागची भिंत बसली. त्याच सुमारास देवीच्या अंगावरची शेंदराची जाड खोळ तडकली आणि आतून दगडात कोरलेला बांगड्यांचा हात दिसू लागला. दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाने तो पाहिला. मूर्ती जुनी आहे, छप्पर पडलं तर फुटेल, नागपूरला सांभाळून ठेवू, असं त्याने पाटलाला समजावलं. पाटलाने मान हलवली. देवी गवतात गुंडाळून बैलगाडीने गेली. तिच्या जागी गावाने नवा तांदळा बसवून त्याला शेंदूर लावला. पण काकू त्याच्यापुढे नुसता दिवा लावायची, विचारायची काही नाही. ती म्हणायची, "कालचा गोटा हाये तो. त्याले आपल्या घरचं काय मालूम?"

म्हणून ती नागपूरला आली. बरोबर भाकरीचं गाठोडं, ओटीचं खण-नारळ, कुंकवाची पुडी, आणि आमच्याच शेतातली मूठभर ज्वारी.

कचेरीत दुपारनंतरची आणि पुढच्या दोन दिवसांची सुटी मिळाली. त्या आधी कित्येक दिवस रोज उशिरापर्यंत काम चाललं होतं आणि अंगात कसकस होती. संध्याकाळच्या गाडीने काकूला परत न्यायचं होतं, म्हणजे मलाही मलकापूरपर्यंत आणि तिथून गावापर्यंत जायचं होतं. मी हे सबब म्हणून सांगत नाही. पण ते वगळलं तर पुढचं समजणार नाही.

अजायबखान्याच्या पायरीशी काकूने वहाणा काढल्या. आत देव आहे म्हटल्यावर ती वहाणा घालून जाणार नव्हती. बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील, म्हणून तिने त्या माझ्या हातात दिल्या. पूर्ण वेळ मी एका हातात म्हातारीच्या वहाणा आणि दुसऱ्यात नारळाची पिशवी घेऊन हिंडत होतो. कॉलेजची काही पोरं माझ्याकडे बघून हसली.

इमारत केवढी मोठी असेल याचा मला अंदाज नव्हता. मी त्याच शहरात राहत होतो, पण आत कधी गेलो नव्हतो. एका दालनातून दुसरं, तिथून जिना, वर पुन्हा दालनं. आमची देवी कुठे आहे, हे दारावरच्या माणसाला सांगता येईना. दगडी मुरती पाहिजे तर मागे जा, एवढंच तो म्हणाला. मागे म्हणजे कुठे, हे शोधण्यात आमचा बराच वेळ गेला.

काकूला घाई नव्हती. वाटेत जो जो पुतळा लागेल त्याला ती हात जोडत होती. एका जिन्याच्या वळणावर कोणा साहेबाचा संगमरवरी मुखडा होता, त्यालाही तिने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, काकू, तो देव नाही, साहेब आहे.

"असू दे बाबू," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या घरात बसवला, त काईतरी केलंच असन त्यानं."

चित्रांच्या दालनात ती एका तैलचित्रापुढे थांबली. कोणी गोरी बाई खुर्चीत बसलेली, मांडीवर कुत्रं. तिच्या कपाळाला कुंकू काऊन नाही, असं तिने मला विचारलं. त्यांच्यात लावत नाहीत, मी सांगितलं. मग हिचा नवरा आहे की गेला, हे लोकांना कसं कळतं, असं ती म्हणाली. मला उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता. पुढच्या भिंतीवर लहान लहान चित्रं होती, राजे, राण्या, बागा, हरणं. ती प्रत्येकापाशी डोळे बारीक करून उभी राहत होती. तिच्या आयुष्यात तिने एवढी चित्रं एका ठिकाणी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहणार नव्हती. मी मात्र दर वेळी "चला" म्हणत होतो. आज तेही मनाला लागतं.

शेवटी मागच्या लांबट दालनात दगडी मूर्ती सापडल्या. भिंतीला टेकून ओळीने उभ्या. प्रत्येकीखाली इंग्रजीत पाटी. मी वाचत वाचत गेलो आणि एका पाटीवर आमच्या गावाचं नाव आणि बुलढाणा जिल्हा असं दिसलं.

"काकू, ही बघा."

काकूने पाहिलं आणि सरळ मान हलवली. "ही आपली नाई."

मी पाटी वाचून दाखवली. तिला पाटीशी देणंघेणं नव्हतं. तिची देवी लाल होती, गोल होती, चांदीचे डोळे लावलेली होती. तो एक हात सोडला तर आमच्या गावात हयात असलेल्या कोणीही देवीचा दगड पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो शेंदूर, पिढ्यानपिढ्या चढवलेला. आता समोर उभी होती ती काळ्या दगडातली, बारीक कमरेची, नाक तुटलेली, एक पाय किंचित वाकवून उभी असलेली तरुण बाई. काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबू, ही त पोरगी हाये," ती हळूच म्हणाली. "माह्या सुनेएवढी."

मग ती खाली बसली. देवीच्या पायांपाशी बोटं फिरवत राहिली. डाव्या पावलाजवळ एक खळगा होता, तिथे ती दर शुक्रवारी दिवा ठेवत असे. तो तिच्या बोटाला लागला. खळग्याच्या तळाशी पुसायचा राहिलेला थोडा शेंदूर होता. तिने बोट वर करून मला दाखवलं आणि पदर डोक्यावर ओढला.

ओटी भरायला पहारेकऱ्याने हरकत घेतली नाही. नारळ फोडू नका, एवढंच तो म्हणाला. कौल लावायचा म्हटल्यावर मात्र तो कुरकुरला, मूर्तीला हात लावायची मनाई आहे म्हणाला. म्हातारी फार लांबून आली आहे, असं मी त्याला सांगितलं. बंद व्हायची घंटा होईपर्यंत काय ते उरका, असं म्हणून तो दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला.

आमच्याकडे कौल लावायची रीत अशी. कुंकू पाण्यात कालवायचं आणि त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ज्वारीचा दाणा चिकटवायचा. प्रश्न मनात धरायचा. देवीचा उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. विचारणाऱ्याने डोळे मिटायचे असतात, दुसऱ्याने बघायचं असतं. गावात हे फार वेळ चालत नसे. शेंदरावर तेलाचा हात असायचा, दाणा थोड्याच वेळात घसरायचा.

इथे मूर्ती धुऊन पुसून कोरडी केलेली होती. काकूने दाणे लावले, प्रश्न मोठ्याने विचारला. "माय, माहा लेक येऊन राह्यला का नाई, थे सांग. येत नसन तरी सांग. मी रडनार नाई." आणि डोळे मिटून ती खाली बसली.

दगड कोरडा, हवा कोरडी. कुंकू वाळलं आणि दाणे खांद्यांवर चिकटून बसले. मी बघत उभा राहिलो. आधी मन लावून बघत होतो. मग पाय दुखायला लागले तसा अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेत राहिलो. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. काकू हलत नव्हती. पहारेकऱ्याने दोनदा आमच्याकडे पाहिलं. डोकं ठणकत होतं, गाडी चुकणार असं वाटत होतं, आणि ती चुकली तर रात्रभर फलाटावर बसावं लागणार, परत कचेरीत वेळेवर पोचता येणार नाही. एकच विचार मनात होता, की हे आता संपावं. कसंही संपावं.

मी आधारासाठी हात टेकतो आहे असं दाखवून देवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगठ्याने दाणा खरडला. तो खाली पडला.

गावातल्या बायका म्हणतात की देवीने उजवा पाडला. तो खांदा उजवा होता, कारण मी त्या बाजूला उभा होतो. मी डाव्या बाजूला उभा असतो तर डावा पडला असता. आपण कोणता दाणा पाडला, त्याचा अर्थ काय, हे दाणा फरशीवर पडल्यानंतर माझ्या ध्यानात आलं. त्याआधी मी काहीही ठरवलं नव्हतं. चुलतभावावर माया म्हणून नाही, काकूला बरं वाटावं म्हणून नाही, वहिनीचं वाईट व्हावं म्हणून तर नाहीच. मी थकलो होतो.

"पडला, काकू."

"कोनता?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"उजवा."

 फरशीवर चाचपून तिने तो दाणा उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला. तिचं तोंड पाहिल्यावर माझ्याने काही बोलवलं नाही. घंटा झाली. बाहेर आल्यावर मी तिच्या वहाणा तिच्या पायांपुढे ठेवल्या. ती म्हणाली, "तुह्यामुळं झालं रे बाबू."

गाडी मिळाली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मलकापूरला उतरलो, घाट चढून बुलढाणा, पुढे गाव. सांगायला पुष्कळ वेळ होता. वहिनी अंगणात कापसातली किडकी कवडी निवडत होती. काकूने तिला जवळ घेऊन सांगितलं, देवीनं हो म्हटलं.  वहिनी पुन्हा खाली बसून कापूस निवडायला लागली, एवढंच मला आठवतं. आठवड्याने तिच्या भावाने साखरखेर्ड्याला नकार कळवला.

काकूचा मुलगा आला नाही. पुढे प्रांत बदलला, राजधानी बदलली, माझ्या बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली. काकूने तो दाणा देवघरात एका लहान डबीत ठेवला होता. ती मरेपर्यंत रोज त्या डबीला कुंकू लावायची. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला सांगितलं, तो येईल तेव्हा मी नसेन, तू त्याला ओळखशील ना. मी हो म्हटलं.

वहिनीने त्या घरात म्हातारपण पाहिलं. शेती तिनेच केली. दरवर्षी दिवाळीला मी जायचो, ती चहा करायची, मुलांची चौकशी करायची. बायका तिला मान देत, देवीच्या शब्दावर थांबलेली बाई म्हणून. तो मान मी माझ्या डोळ्यांनी बघत आलो.

मागच्या नवरात्रात मी गावात होतो. ओट्यावर ती गोष्ट चालू होती. या वेळी ती एका पोरीला उद्देशून सांगितली जात होती. आमच्याच भावकीतली सून, नवरा कामाला म्हणून सुरतेकडे गेला तो परतला नाही, खबर नाही. माहेरचे तिला न्यायला आले होते. सासू तिला म्हणत होती, बघ, आपल्या घरच्या बाईनं कसं निभावलं. पोरगी मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. ती ओसरीत सुपात तूर घेऊन बसली होती. मी खांबाला टेकून बसलो आणि बसल्या बसल्याच सांगितलं.

"वैनी, नागपूरले दाना पडला नव्हता. म्या पाडला."

तिचा हात सुपात तसाच राहिला. "काऊन?"

"थकलो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही सांगेन म्हणून ती थांबली असावी. 

"लय चालले होते म्हनून?"

"हाव."

ती सुपातले खडे वेचून बाजूला टाकू लागली. एक, मग दुसरा. नंतर तिने विचारलं, "आन डावा?"

"थो होता तसाच होता. वाळून चिकटला होता."

"म्हंजे तिनं हो बी नाई म्हटलं आन नाई बी नाई म्हटलं."

"नाई."

"आन मी आत्याबाईचा शब्द म्हनून नाई थांबली, भाऊजी. देवीचा म्हनून थांबली. आत्याबाईले त म्या एकडाव सांगतलं होतं, का मले जायचं हाये." तिने काकूला असं सांगितलं होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती पुढे म्हणाली, "साखरखेर्ड्याच्या त्या मानसाले म्या पाह्यलं बी होतं. धाडच्या बजारात. भावानं लांबून दाखवला. बैल घेऊन उभा होता. बैलाले पानी पाजल्यावर मंग सोता पेला."

मी खाली बघत बसलो. माफी मागायची म्हणून आलो होतो, पण तो शब्द तोंडात आणायची लाज वाटली. तिने रागाने एखादं भांडं फेकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने सूप पाखडलं, तूर डब्यात ओतली, झाकण लावलं.

"त्या पोरीचं मालूम हाये तुमाले?" तिने विचारलं. "काल तिले हेच सांगून राह्यले होते. मी तथी बसली होती, आन मी बी मान डोलावली."

"हाव."

"चला मंग."

"आता?"

"तिचे माहेरचे दुपारच्या गाडीनं जाऊन राह्यले. तिले घेऊन, नाई त तिले सोडून." तिने पदर खोचला आणि दारातल्या वहाणा पायात घातल्या. "उठा. थकले असान त माह्या खांद्यावर हात ठेवा, पन चला."

मी हात ठेवला नाही. काठी घेतली. ती पुढे, मी मागे, गल्लीच्या टोकापर्यंत ती एकदाही थांबली नाही. त्या घरी माहेरच्यांचं गाठोडं ओसरीत बांधून ठेवलेलं होतं. सासूने मला बघून पदर सावरला, पाणी आणायला सांगितलं. पोरगी तांब्या घेऊन आली. वहिनीने तिच्या हातातून तो घेऊन खाली ठेवला आणि तिला माझ्यासमोर बसवलं.

"हे काय सांगतात थे आईक," ती म्हणाली. "मंग जायचं का राह्यचं, थे तूच सांग."

सासू, सासरा, माहेरचे दोघे, सगळे जवळ सरकले. श्वास लागला होता म्हणून मी थोडं थांबलो. मग दाण्यापासून सुरुवात केली, आणि मी कोणत्या बाजूला उभा होतो ते आधी सांगितलं.